त्यामागे मुलगा कोण?

आमच्या कोल्हापुरातल्या केंद्रावर काही महिन्यांपूर्वी एक मुलगी आली. वय तेवीस. पदवी झालेली, एका दुकानात हिशेबाचं काम करणारी. मारहाण नाही, हुंडा नाही, पोटगीचा प्रश्न नाही. आमच्या नोंदवहीत तक्रारींचे जे रकाने आखलेले आहेत, त्यातल्या एकाही रकान्यात तिची तक्रार बसेना. गेलं वर्षभर ती रविवारी वेगवेगळ्या चर्चमध्ये जाऊन बसते. घरी ते कळलं. आता तिचा पगार आणि मोबाइल वडिलांच्या ताब्यात आहे आणि रविवारी घराबाहेर पडायला बंदी आहे.

"ख्रिश्चन व्हायचंय का तुला?" आम्ही विचारलं.

"न्हाई ओ ताई. देव आहे का न्हाई तेच मला अजून ठरवता येत न्हाई. आईसारखं मनापासून हात जोडता येत न्हाईत. आणि भाऊ म्हणतो तसं सगळं थोतांड म्हणून सोडूनही देता येत न्हाई. म्हणून बघायला जातो. एका ठिकाणी चार-पाच रविवार बसतो, मग दुसरीकडे."

(बाहेरगावच्या मैत्रिणींनी गोंधळू नये, आमच्याकडच्या मुली 'जातो, बसतो' असंच म्हणतात.)

चर्चमध्ये काय बघितलंस, असं विचारल्यावर ती बराच वेळ बोलली. एका जुन्या दगडी चर्चमध्ये बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. तिथं गाणी फार आवडली, पण प्रवचन ऐकताना झोप आली. दुसरीकडे एक बाई उभी राहून शास्त्रपाठ वाचत होती आणि सगळे पुरुष मुकाट्यानं ऐकत होते, ते बघूनच तिला बरं वाटलं. तिसरी मंडळी एका भाड्याच्या हॉलमध्ये भरते. तिथं माइकवर मोठ्यानं प्रार्थना, रडणं, आजाऱ्यांच्या डोक्यावर हात. तिथल्या बायकांनी तिला जवळ घेतलं, जेवलीस का म्हणून विचारलं. दोन रविवारांनंतर मात्र 'निर्णय कधी घेतेस?' अशी घाई सुरू झाली, तशी तिनं तिथं जाणं थांबवलं.

संध्याकाळी आमची बैठक झाली. पहिलाच प्रश्न आला, "त्यामागे मुलगा कोण?" कबूल करायला लाज वाटते, पण तो माझ्याही जिभेवर आला होता. एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, सगळेच धर्म बाईला खाली ठेवतात, मग ही खोली सोडून त्या खोलीत जाऊन काय मिळणार? तिसरी म्हणाली, सध्याच्या वातावरणात संघटनेनं असल्या भानगडीत पडू नये. आपण चळवळीतल्या बायका, कोणाच्या चारित्र्याची चौकशी करणार नाही असं शिबिरात शिकवतो. पण एखादी मुलगी स्वतःच्या डोक्यानं देवाचा विचार करत असेल, हे आपल्यालाही पटकन खरं वाटत नाही.

त्या बैठकीत मला सारख्या पंडिता रमाबाई आठवत होत्या. आपल्या केंद्रांच्या भिंतीवर सावित्रीबाईंच्या शेजारी त्यांचा फोटो असतो. आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढची साक्ष, शारदा सदन यावर आपण बोलतो. धर्मांतराचा विषय आला की पुढचं पान उलटतो. त्यांना मानणारे ख्रिस्ती 'त्यांना प्रभू सापडला' म्हणतात, न मानणारे 'त्या बाटल्या' म्हणतात. दोघांनाही शेवटच्या उत्तरात रस. मधली वर्षं मात्र कोणी वाचत नाही, आणि मला तर तीच सर्वांत मोलाची वाटतात.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. सगळं कुटुंब तीर्थक्षेत्री पुराणं सांगत फिरायचं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील उपासमारीनं गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास व्रतं, उपास करत हजारो मैल पायी हिंडले, आणि चालता चालताच त्यांचा मूर्तींवरचा, व्रतांवरचा विश्वास गळून पडला. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले तेव्हा पंडितांनी रमाबाईंना पदव्या दिल्या. तिथंच त्यांनी पहिल्यांदा ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पाहिली. माणसं खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकताहेत, तेव्हा ते खुर्च्यांची पूजा करत असावेत असं त्यांना वाटलं! पुढे ब्राह्मो समाज पाहिला. १८८० मध्ये भाऊ वारला, त्याच वर्षी जातीबाहेर नोंदणी विवाह केला, १८८२ मध्ये नवराही पटकीनं गेला. कडेवर मनोरमा.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटिज इथल्या जोगिणींच्या मठात राहिल्या. तिथल्या भगिनी लंडनमध्ये 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांसाठी आश्रयगृह चालवत. आपल्याकडे अशा बाईच्या वाट्याला शापच येतो, इथं तिच्यासाठी जागा कशी काय, असा प्रश्न रमाबाईंना पडला. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस.

इथं गोष्ट संपत नाही, इथंच तर ती रंगते. बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्रैक्य म्हणजे एका देवात तिघे, हे कसं? कुमारीच्या पोटी जन्म मानलाच पाहिजे का? लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस मी का वापरावा, माझ्या देशाची भाषा त्यावर का नको? मांस न खाणं हा जातीचा गर्व कसा? वाँटिजच्या सिस्टर जेराल्डिन यांना हा सगळा हट्ट वाटला, अहंकार वाटला. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचं ठरवलं, तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाई संतापल्या. त्यांनी जेराल्डिनना लिहिलं त्याचा आशय असा, की आपल्याकडच्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टानं मान सोडवून घेतली आहे. दुसऱ्या पुरोहितांनी सांगितलं ते सगळं देवाची आज्ञा म्हणून मानायचं, म्हणजे तसलंच दुसरं जोखड, ते मी घेणार नाही. मनोरमाला कोणत्या पंथाचं शिक्षण द्यायचं यावरूनही वाद झाला, आणि तो हक्क आईचा, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये अ. भि. शहांच्या संपादनाखाली पुस्तकरूपानं निघाला. इंग्रजीत आहे. जमेल तिनं तो गटात वाचावा, फार मजा येते. दोन बायकांमधलं प्रेम आणि अधिकाराची ओढाताण दोन्ही पानोपानी दिसतात.

इंग्लंडात आणि १८८६ पासून अमेरिकेत त्यांनी किती पंथ पाहिले! आपल्या आत्मकथनात त्यांनी यादीच दिली आहे. हाय चर्च, लो चर्च, बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन, रोमन कॅथलिक, शिवाय ज्यू, थिऑसॉफिस्ट, मॉर्मन, आत्म्यांशी बोलणारेदेखील. या गलबल्यात आपण पार गोंधळून गेलो, असं त्या मोकळेपणानं सांगतात. पण गोंधळ संपेपर्यंत कामाला थांबल्या नाहीत. १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली, तिचा अध्यक्ष युनिटेरियन होता आणि उपाध्यक्ष वेगवेगळ्या चर्चचे. त्या पैशांवर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, आणि तिथं मुलींना धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. मनाला पटेल अशी श्रद्धा मिळाली असं त्या स्वतः सांगतात ते १८९१ च्या सुमाराचं. म्हणजे बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी! आपल्या मुलीला आपण आठ महिने तरी देतो का?

रमाबाई अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी, आणि आनंदीबाईंच्या प्रवासाचा एक धागा आपल्या कोल्हापुरातून निघतो. गोपाळराव जोशी पोस्टातल्या नोकरीमुळे इथं होते. बायकोला शिकवण्यासाठी अमेरिकेत सोय होईल का, असं पत्र त्यांनी १८७८ मध्ये इथून मिशनऱ्यांना लिहिलं. कोल्हापूर मिशनचे संस्थापक रॉयल वाइल्डर तेव्हा अमेरिकेत परतून मासिक काढत होते. ज्यांच्या नावानं आपलं वाइल्डर मेमोरियल चर्च ओळखलं जातं, तेच हे. त्यांनी पत्र छापलं आणि खाली उत्तरही. तात्पर्य, आधी ख्रिस्ताला स्वीकारा. आनंदीबाई तेव्हा तेरा वर्षांच्या. पत्र नवऱ्याचं, उत्तर मिशनऱ्याचं, तिला कोणी विचारल्याचं दिसत नाही. तिनं आपलं उत्तर दिलं ते १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या भाषणात, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तेही तिनं पाळलं. त्यांची नेमणूक कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात झाली होती, म्हणजे आजचं सीपीआर. रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. एक राहिली, एक गेली. दोघींनाही आपापल्या समाजाचा आणि मिशनचा जाच सोसावा लागला.

रमाबाईंना देवी करायची मला हौस नाही. पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हजारो दुष्काळग्रस्त मुलींना त्यांनी जगवलं, छापखाना चालवायला शिकवलं, पण तिथला दिवस प्रार्थनेनंच सुरू व्हायचा. रमाबाईंनी जेराल्डिनला विचारले तसे प्रश्न केडगावच्या एखाद्या पोरीला रमाबाईंना विचारता आले असते का? मला शंका आहे. १८९३ मध्ये सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला येऊन बसतात यावरून पुण्यात वादळ झालं, सल्लागार मंडळानं अंग काढून घेतलं, पालकांनी मुली घरी नेल्या. त्या भांडणात मुलींना काय वाटत होतं, हे पुणेकरांनी विचारलं नाही. याच्या उलट, १८८५ मध्ये 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू घेणारे जोतीराव फुले. विद्वान बाई डोळे उघडे ठेवून धर्म सोडते, तर त्याची कारणं धर्मातच शोधा, हे म्हणायला त्या काळी फुलेच हवे होते.

आता कायद्याकडे येते, कारण मुलीच्या वडिलांनी "पोलिसात जातो" असा दम दिला आहे. ओडिशाच्या १९६७ च्या धर्मांतरविषयक कायद्यात जबरदस्तीनं, आमिषानं किंवा फसवून धर्मांतर केलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. धर्मांतर झालेली व्यक्ती अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर दोन वर्षांपर्यंत. जबरदस्ती कोणावरही वाईटच. पण ही यादी पुन्हा वाचा. मूल, बाई, दलित, आदिवासी. ज्यांना स्वतःचं मन नाही असे सगळे एका ओळीत! मध्य प्रदेशानं १९६८ मध्ये तेच केलं, सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये दोन्ही कायदे वैध ठरवले, आणि शेजारच्या कर्नाटकानं २०२२ मध्ये तोच साचा उचलला. महाराष्ट्र सरकारनंही फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा कायद्याच्या विचारासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. केरळात चोवीस वर्षांच्या, होमिओपॅथी शिकणाऱ्या एका मुलीनं इस्लाम स्वीकारून लग्न केलं, तर २०१७ मध्ये उच्च न्यायालयानं तिचं लग्नच रद्द करून तिला बापाच्या घरी धाडलं. सर्वोच्च न्यायालयानं ते लग्न पुन्हा वैध ठरवलं ती तारीख ८ मार्च २०१८, महिला दिन! तोवर तिचे महिनोन्‌महिने गेले होते.

मुलगी दलित असेल तर आणखी एक हिशेब असतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. नुसतं चर्चच्या बाकावर बसल्यानं कोणाचा दाखला जात नाही, हे मात्र मुलींना आणि त्यांच्या आईबापांना नीट समजावून सांगायला हवं. बसणं, ऐकणं, वाचणं हे धर्मांतर नव्हे, आणि बाप्तिस्मा हासुद्धा गुन्हा नव्हे.

ज्येष्ठ मैत्रिणीचा प्रश्न उरतोच. सगळे धर्म बाईला खाली ठेवतात, मग कशाला? हे खरंच आहे. २००१ ची दुरुस्ती होईपर्यंत ख्रिस्ती बाईला घटस्फोटासाठी नवऱ्याचा व्यभिचार आणि त्यासोबत क्रूरता वा परित्याग असं दोन्ही सिद्ध करावं लागे, नवऱ्याला मात्र बायकोचा व्यभिचार एवढंच पुरे. कॅथलिक चर्च अजून बाईला धर्मगुरू करत नाही. पण हे त्या मुलीला दिसत नाही असं आपण का धरून चालतो? बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला हे तिनंच तर टिपलं. आणि अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांना जाऊ द्या म्हणून २०१६ मध्ये इथं भांडण झालं, तेव्हा 'सगळे धर्म सारखेच, जाऊन काय मिळणार' असं आपण म्हटलं नव्हतं. हक्काचा प्रश्न म्हणून उभ्या राहिलो होतो. मग हिच्या बाबतीत माघार का? नास्तिक होण्याचा हक्क आपण मागतो, तसाच अजून काहीच न ठरवण्याचा हक्कही मागायला हवा.

दुसऱ्या बैठकीत आम्ही तिची तक्रार नोंदवून घेतली. रकाना नव्हता, तो हातानं आखला: 'पगार व हिंडण्याफिरण्यावर घरच्यांचं बंधन'. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघीजणी तिच्या घरी जाणार आहोत. आधी पगाराचं बोलू, तिच्या बँक खात्याचं बोलू. धर्माचा विषय वडिलांनी काढला तर तो तिच्याशीच बोला म्हणून सांगू. घरी येण्याआधी तिनं आमच्याकडून एकच कबुली घेतली आहे, की 'ती आता जाणार नाही' असं आमच्यापैकी कोणी तिच्या वतीनं म्हणायचं नाही.

तुमच्या गावात, तुमच्या केंद्रावर अशी कोणी आली असेल तर तुम्ही काय केलंत? घरच्यांशी काय बोललात, काय चुकलं? आम्हाला लिहा. पुढच्या अंकात छापू.