जुनी चोपडी, नवी चोपडी

लक्ष्मीपूजनाला आमच्या यवतमाळच्या पेठेत नव्या चोपडीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते. चोपडी कोरी, पण जुनी येणी-देणी तिच्यात ओढावीच लागतात. कायद्याच्या चोपडीचेही असेच आहे.

सत्तावन्नच्या उठावाने रिता झालेला खजिना भरण्यासाठी जेम्स विल्सनसाहेबांनी १८६० साली या देशात प्राप्तिकर आणला. मग १८८६, १९१८, १९२२, १९६१ अशा चोपड्या बदलत गेल्या. १९६१ च्या कायद्यात कलमे २९८. पण दर अर्थसंकल्पाने एकेक ठिगळ जोडले. मधले आकडे हलवायचे नाहीत, म्हणून ऐंशीच्या कलमाला शेपट्या फुटल्या : ८०सी, ८०सीसीडी! पाहता पाहता कलमे आठशेंच्या पुढे गेली. गोधडीतले मूळचे लुगडे कोणते, हे शिवणारीलाही सांगता येऊ नये, अशी गत झाली.

ती गोधडी उसवून २०२५ साली नवा कायदा झाला. तो १ एप्रिल २०२६ पासून लागू. कलमे ५३६, आणि शब्द जवळजवळ निम्मे. परंतुके गेली, स्पष्टीकरणे गेली. कमाईचे ते 'मागील वर्ष' आणि त्यानंतरचे 'आकारणी वर्ष', या कोड्याच्या जागी आता एकच करवर्ष.

मराठीच्या मास्तराला छाटलेले वाक्य पाहून आनंद व्हायचाच. पण कायद्यात शब्द बदलणे जोखमीचे. जुन्या शब्दांचे अर्थ न्यायालयांनी वर्षानुवर्षे घासूनपुसून ठरवलेले असतात. म्हणून काही रेघा जशाच्या तशा ओढल्या जातात. शेतीचे उत्पन्न घ्या. शेतकऱ्याने आपल्या रानातला कापूस विकला, तर त्यावर प्राप्तिकर नाही. तोच कापूस विकत घेऊन व्यापाऱ्याने विकला, की त्याच्या नफ्यावर कर. ही रेघ १८८६ पासून आजच्या चोपडीपर्यंत टिकली आहे.

नोकरदाराचा कर तर पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. तो का आणि किती कापला, हे त्याला स्वतः वाचून कळू नये? न कळणारा कायदा माणूस पाळतो खरा, पण भीतीने. आणि भ्यालेल्या माणसाला सल्ला नेहमीच महाग पडतो. नव्या कायद्याची खरी परीक्षा इथेच आहे. पुढचे अर्थसंकल्प पुन्हा ठिगळे लावणारच. ती निदान त्याच रंगाची असोत!

जाता जाता गृहिणींना एक विनंती. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईचा हिशेब जुन्याच कायद्याने होतो. तेव्हा दिवाळीच्या आवराआवरीत यजमानांची ती जुनी फाईल रद्दीवाल्याला देऊ नका.