डबा कुणाचा?

राउटर विकत घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे, असं आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मला परवा जिन्यात थांबवून सांगितलं. त्यांचे मुद्दे तीन. डबा कंपनी फुकट देते. बिघडला तर तीच बदलून देते. आणि उद्या कंपनी बदलली की आपला विकतचा डबा माळ्यावर जातो. माणूस हिशेबी, बोलणं ठाम. तरी पहिल्या दोन मुद्द्यांत फसगत आहे आणि तिसरा अर्धाच खरा आहे.

आधी फुकटाचं बघू. महिन्याचा प्लॅन घेतला तर डब्याचं डिपॉझिट नाहीतर भाडं लागतं. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरले की तोच डबा ‘मोफत’. म्हणजे डब्याला किंमत आहे हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे, ती फक्त तुमच्या दुसऱ्या खिशातून काढते. उघड भाडं असेल तिथलं गणित शाळकरी आहे. महिना १०० रुपये धरा. १८ टक्के जीएसटी धरून ११८, वर्षाचे १,४१६, तीन वर्षांचे ४,२४८. दोन-अडीच हजारांत बऱ्यापैकी ड्युअल बँड राउटर येतो. आणि तीन वर्षं भाडं भरूनही डबा कंपनीचाच. आगाऊ भरलेलं वर्ष तर याहून महागात पडतं. तिसऱ्या महिन्यापासून रोज संध्याकाळी नेट रडायला लागलं, तरी उरलेले नऊ महिने तुम्ही हलू शकत नाही, कारण पैसे गेलेले असतात. भाडं ते हेच.

बिघडला तर बदलून देतात, हे मान्य. पण बिघडला हे ठरवतं कोण? आमचं घर आगगाडीच्या डब्यासारखं लांबट. फायबर दारातून आत येते, म्हणून कंपनीच्या मुलाने डबा दारामागे, चपलांच्या रॅकच्या वर ठोकला. शेवटच्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकायला लागला म्हणून तक्रार केली. तो आला, मोबाइल डब्याला जवळजवळ चिकटवून स्पीड टेस्ट घेतली, १०० च्या प्लॅनला ९५ दाखवले आणि म्हणाला, “काका, नेट ओके आहे. भिंतीला आम्ही काय करणार?” त्याचं चुकलं नाही. हिरवा दिवा लागला की त्याच्या लेखी तक्रार बंद. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंत ओलांडते, पण शेजारपाजारच्या वायफायच्या गर्दीत तिचा जीव गुदमरतो. ५ गिगाहर्ट्झची चपळ, पण दोन भिंतींत दमते. उपाय म्हणजे वायफाय घराच्या मध्यावर आणणं. ते काम कंपनीच्या जबाबदारीत बसत नाही. आणि डबा हलवायला जावं, तर फायबर तुटल्याचा भुर्दंड आपल्याला.

मग कुणी म्हणतं, कंपनीचा डबा निदान सुरक्षित तरी असतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट कोलमडलं. मिराई नावाच्या मालवेअरच्या एका अवताराने राउटरवर हल्ला केला होता आणि त्याने वापरलेली वाट कंपनीने दुरून देखभाल करण्यासाठी उघडी ठेवलेली होती. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या मोडेमना अशीच बाधा झाली. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललेलाच नव्हता. (आजही कित्येक घरांत वायफायचा पासवर्ड म्हणजे यजमानांचा मोबाइल नंबर असतो, बसवणाऱ्याला तो सोपा पडतो म्हणून. तुमचा बघून या, मी थांबतो.) एक मात्र कबूल करायला हवं. जर्मनीत दुरुस्तीही कंपनीनेच दुरून पोचवली. स्वतःचा राउटर घेणाऱ्याने त्याचे अपडेट स्वतः बघायचे असतात. ती कटकट नको असेल त्याने खुशाल भाडं भरावं, फक्त त्याला फुकट म्हणू नये.

आता तिसरा मुद्दा. हा सहज खोडता येत नाही, कारण सेट-टॉप बॉक्सने तो आपल्याला चांगला शिकवला आहे. पैसे मोजून घेतलेला बॉक्स कंपनी बदलताच निकामी. असे बॉक्स कुठल्याही कंपनीवर चालावेत अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली; आमच्या माळ्यावरचे दोन अजून माळ्यावरच आहेत.

पण ज्याला आपण सरसकट राउटर म्हणतो, त्या एका डब्यात बहुधा दोन यंत्रं नांदत असतात. पहिलं ओएनटी, म्हणजे फायबरमधला प्रकाश ओळखणारं. जीपॉन पद्धतीत एकच फायबर स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. वर माहिती पाठवताना प्रत्येक घराच्या ओएनटीला सेकंदाच्या बारीक तुकड्यांत आपली पाळी नेमून दिलेली असते. एकाचा लेझर पाळी सोडून पेटला तर अख्ख्या आळीचं नेट बसतं. म्हणून कंपनी त्या यंत्राचा क्रमांक आपल्याकडे नोंदवून घेते, आणि दुकानातून आणलेला ओएनटी परस्पर जोडून चालत नाही. हे यंत्र कंपनीचंच राहू द्या. ते विकत घेणाऱ्याला बँकवाले काका वेडा म्हणत असतील, तर बरोबर म्हणतात.

दुसरं यंत्र वायफाय पसरवणारं. त्याला मागून इथरनेटची साधी वायर लागते आणि ती वायर कुठल्या कंपनीच्या डब्यातून आली याच्याशी त्याला काही कर्तव्य नसतं. विकत घ्यायचं ते हे.

ग्राहकाने आपलं यंत्र जोडलं तर आमचं जाळं बिघडेल, ही तक्रार फार जुनी. अमेरिकेत एटी अँड टी तेच म्हणत होती. १९६८ मध्ये कार्टरफोन नावाच्या अशाच एका बाहेरच्या यंत्राबद्दलच्या निकालाने ती मोडीत निघाली आणि परकी यंत्रं तिच्या तारांना जोडायची वाट मोकळी झाली. जर्मनीने तर १ ऑगस्ट २०१६ पासून कंपनीचं जाळं भिंतीवरच्या सॉकेटपाशी संपतं असंच कायद्याने ठरवलं. पुढचं सगळं ग्राहकाच्या मर्जीचं. मी इथे एवढं मागत नाही. बिलात डब्याचे पैसे वेगळे दाखवा आणि ओएनटी ब्रिज मोडवर टाकून, म्हणजे राउटरचं काम आमच्या यंत्राकडे सोपवून, मागितला तर “सर, सिस्टिममध्ये ऑप्शन नाही” असं सांगू नका, एवढंच मागणं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी राउटर कशाला घ्यावा, असंही विचारतात. घ्यावा तो त्यांनीच आधी. अकरा महिन्यांचा करार संपला की विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आणि नव्या इमारतीत केबलवालाही नवा. माझ्या भाच्याने गेल्या उन्हाळ्यात घर बदललं. जुना ओएनटी परत करून पावती घेतली. डिपॉझिट अजून ‘प्रोसेसमध्ये’ आहे. स्वतःचा राउटर त्याने टॉवेलात गुंडाळून कुकरमध्ये ठेवून नेला. नव्या घरी एक वायर खोचली, नव्या कंपनीचं युजरनेम टाकलं आणि टीव्ही, लॅपटॉप, सगळे फोन न विचारता जोडले गेले. कुकरची शिट्टी मात्र अजून सापडलेली नाही.