हप्ता फेडायला नोकरी हवी, आणि नोकरीला हप्ता फिटलेला हवा
केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

विषय : शैक्षणिक कर्जाची थकबाकी आणि सरकारी बँकांतील नोकरभरती

केंद्राच्या तक्रार पोर्टलवर या विषयाचे अर्ज केले, तेव्हा भरती हा संबंधित बँकेचा अंतर्गत विषय आहे असे उत्तर आले. बँकेला लिहिले, तर अट जाहिरातीतच होती असे कळवले गेले. आमच्या खासदारांच्या कार्यालयाने पत्राची पोचही दिली नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे. ज्या बँकांचे बहुसंख्य भाग सरकारच्या मालकीचे आहेत, त्यांच्या भरतीचा नियम अर्थमंत्र्यांच्या कक्षेबाहेरचा कसा, हे मला कोणी सांगितलेले नाही.

अट आपल्याला माहीत आहे. स्टेट बँकेच्या जाहिरातींत कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी असलेला, सिबिल या क्रेडिट माहिती कंपनीचा प्रतिकूल अहवाल असलेला उमेदवार नेमणुकीस अपात्र ठरवला जातो. सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या २०२३ च्या जाहिरातीत सिबिल स्कोअर किमान ६५० हवा असे छापले होते. पुढे तो आकडा गेला, पण थकलेल्या खात्यावर काही बाकी नाही असा दाखला कर्ज देणाऱ्या बँकेकडून आणा, नाहीतर नेमणुकीचे पत्र मागे घेतले जाऊ शकते, हे कलम उरले. सगळा घात या दाखल्यात आहे.

मी एसटीत वाहक होतो. माझ्या मुलीने २०१५ साली अभियांत्रिकीसाठी चार लाखांचे शैक्षणिक कर्ज घेतले. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आईबाप सहकर्जदार होतात. तसा मी झालो. दरवर्षी एक लाख उचलले. ११ टक्क्यांनी शिक्षणाची चार वर्षे आणि सवलतीचे एक वर्ष मिळून दीड लाखावर व्याज चढले आणि परतफेड सुरू व्हायच्या दिवशी रक्कम साडेपाच लाख झाली होती. दहा वर्षांच्या फेडीला महिना साडेसात हजारांहून जास्त हप्ता. तो दिवस आला २०२० च्या मध्यात, टाळेबंदीत. कॅम्पसमधून निवड केलेल्या कंपनीने रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली आणि मग कळवणेच बंद केले. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना दिलेली सवलत ऑगस्ट २०२० मध्ये संपली. मुलीला लातुरातच ११ हजारांची नोकरी मिळाली आणि हप्ता आम्ही दोघांनी मिळून भरला. मग नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला. मी संपात होतो, पगार बंद होता. ९० दिवस हप्ता गेला नाही की खाते एनपीए, म्हणजे थकीत, ठरते. तसे ते झाले.

बँकेने दिवाणी दावा लावला. प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवले गेले, तडजोड झाली, दरमहा ५,००० रुपये ठरले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा म्हणजे दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामाच. त्यावर अपील नाही. तो आम्ही तंतोतंत पाळतो आहोत, आजपर्यंत एकही हप्ता चुकलेला नाही.

मुलगी सरकारी बँकेच्या लिपिक परीक्षेत पूर्व आणि मुख्य अशा दोन्ही टप्प्यांत उत्तीर्ण झाली. नेमणुकीचे पत्र घरी आले. कागदपत्रांच्या तपासणीत सिबिल अहवालातला ‘दावा दाखल’ हा शेरा निघाला आणि तिच्याकडे बाकी नसल्याचा दाखला मागितला गेला. कर्ज देणारी बँक म्हणाली, शेवटचा हप्ता भरल्याशिवाय दाखला मिळणार नाही. नोकरी देणारी बँक म्हणाली, दाखल्याशिवाय रुजू करून घेता येणार नाही. मुलीने निवाड्याची प्रत पुढे ठेवली, हप्त्यांच्या पावत्या ठेवल्या. टेबलामागच्या अधिकाऱ्याने त्या वाचल्यासुद्धा नाहीत. नेमणूक रद्द झाली.

अर्थमंत्री, या देशाच्या कायद्याने कर्जवसुलीची वाट पगारातूनच आखून दिली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे हुकूमनाम्यासाठी पगार जप्त करायचा झाला, तर पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश कर्मचाऱ्याला ठेवावे लागतात, एक तृतीयांश धनकोला मिळतो. बँकेतल्या लिपिकाचे सुरुवातीचे मूळ वेतन २४,०५० रुपये आहे. भत्ते सोडून द्या, नुसते मूळ वेतन धरा. त्यातून १,००० वजा जाता २३,०५० उरतात आणि त्यांचा एक तृतीयांश ७,६८३ रुपये होतो. आमचा ठरलेला हप्ता ५,००० आहे. म्हणजे नोकरी दिली असती, तर लोकअदालतीने ठरवलेल्यापेक्षा अडीच हजारांनी जास्त रक्कम कायद्यानेच दरमहा वसूल करता आली असती. आणि पगार देणारी सरकारी बँक, कर्ज देणारीही सरकारी बँक. ११ हजारांच्या पगाराला हाच हिशेब लावला, तर जेमतेम ३,३३३ रुपये निघतात. सरकारने स्वतःच्या कर्जाची वसुली स्वतःच्या हाताने अडवली आहे आणि त्याला वित्तीय शिस्त असे नाव दिले आहे.

जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशाच एका उमेदवाराची स्टेट बँकेने रद्द केलेली नेमणूक रद्दच ठेवली. बँक जनतेचा पैसा हाताळते, म्हणून कर्मचाऱ्याच्या आर्थिक शिस्तीची अट रास्त आहे, असे न्यायालयाने म्हटले. न्यायालयासमोर प्रश्न होता तो नियम वैध आहे की नाही एवढाच. तो शहाणपणाचा आहे का, हे ठरवणे आपले काम आहे.

जनतेच्या पैशाबद्दल मलाही थोडे कळते. माझ्या पिशवीत रोज प्रवाशांची रोकड असे. डेपोत परतलो की तिकिटांचा आणि रकमेचा हिशेब रुपयाला रुपया जुळवून द्यावा लागे. घरावर कर्ज असताना मी ही नोकरी केली, माझ्यासारख्या हजारोंनी केली. महामंडळाने कधी कोणाचा सिबिल मागितला नाही, रोजच्या रोज हिशेब मागितला. बँकेतही रोज संध्याकाळी रोकड जुळवली जाते. जो माणूस पाच हजारांचा हप्ता महिन्याच्या महिन्याला भरतो, तो बँकेची रोकड पळवील असे कोणत्या अनुभवावरून ठरवले?

केंद्र सरकारच्या स्वतःच्या नोकरांना ही वागणूक नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९६४ चा नियम १७ म्हणतो की कर्जवसुलीची न्यायालयीन कारवाई झाली, तर कर्मचाऱ्याने तिची माहिती सरकारला द्यावी. परिस्थिती आवाक्याबाहेरची होती आणि उधळपट्टीतून कर्ज झाले नाही, हे दाखवण्याची संधी तोच नियम त्याला देतो. माझ्या मुलीला ती संधी का नाही?

हा नियम पकडतो कोणाला, तेही पाहा. ज्याच्या बापाने फी रोख भरली, त्याच्या नावावर शैक्षणिक कर्जच नसते. ज्याचे बँकेत खातेच नाही, त्याच्याकडे आयबीपीएस सिबिल मागत नाही. सापडतो तो शिकण्यासाठी कर्ज काढणारा, अठराव्या वर्षी सही करणारा. क्रेडिट माहिती कंपन्या नोंद किमान सात वर्षे जपतात. तेविसाव्या वर्षी खाते थकले, तर ती तिसाव्या वर्षापर्यंत मागे राहते. खुल्या गटासाठी लिपिकाची वयोमर्यादा २८ आहे. माझी मुलगी ती ओलांडून गेली. कर्ज फिटेल तेव्हा दाखला मिळेल, पण तो घेऊन जायला परीक्षा उरलेली नसेल.

आणि देशातल्या बँकांनी काय केले? २०१४-१५ ते २०२२-२३ या नऊ वर्षांत बँकांनी १४ लाख ५६ हजार कोटींची कर्जे राइट-ऑफ केली, त्यांतली ७ लाख ४० हजार कोटींची मोठ्या उद्योगांची आणि सेवाक्षेत्राची, ही माहिती आपल्याच खात्याने २०२३ मध्ये संसदेत दिली. राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, हे उत्तर मी वाचले आहे. राइट-ऑफ कर्जांतून वसूल झाले ते २ लाख ४ हजार कोटी, म्हणजे शंभरातले चौदा रुपये. ८ जून २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने जाणूनबुजून कर्ज बुडवणाऱ्यांशीसुद्धा तडजोड करायला बँकांना मुभा दिली. तडजोड केलेल्या सर्वसाधारण कर्जदाराला, शेती सोडून, पुन्हा कर्ज मिळण्यासाठी किमान १२ महिने थांबावे लागते. बारा महिन्यांनी त्याला कोट्यवधींचे नवे कर्ज मिळू शकते. लोकअदालतीत तडजोड करून ती पाळणाऱ्या मुलीला मात्र २४ हजारांची नोकरी मिळू शकत नाही. हा उघड अन्याय आहे आणि आपल्या खात्याच्या डोळ्यांदेखत चालला आहे.

कर्जमाफी मी मागत नाही. शेवटचा रुपया आम्ही फेडू. माझे म्हणणे असे की सर्व सरकारी बँकांना आणि आयबीपीएसला लेखी निर्देश द्या : न्यायालयाने किंवा लोकअदालतीने ठरवलेले हप्ते जो नियमित भरतो, त्याचा निवाडा आणि पावत्या हाच त्याचा दाखला मानावा. बाकी रक्कम हवी तर पगारातून कापून घ्यावी, उमेदवार तशी संमती पहिल्याच दिवशी लिहून देईल. शैक्षणिक कर्जाची थकबाकी हे एकटे कारण नेमणूक नाकारायला पुरेसे धरू नये. आणि या कलमाखाली ज्यांच्या नेमणुका रद्द झाल्या, त्यांना वयाची अट शिथिल करून पुन्हा बोलवावे. यासाठी संसदेत कायदा बदलावा लागत नाही, आपल्या वित्तीय सेवा विभागाचे एक पत्र पुरते. ते पत्र काढा.

एका शैक्षणिक कर्जाचा सहकर्जदार,
लातूर