फसवी बदके

बदक पाण्यावर उतरते ते बहुधा वाऱ्याला तोंड देऊन, म्हणून अमेरिकेतील नवशिका शिकारी वारा पाठीशी घेऊन दबा धरतो आणि ‘डिकॉय’, म्हणजे खऱ्या पक्ष्यांना भुलवण्यासाठी तरंगत सोडलेली नकली बदके, मांडताना मध्ये उतरण्यापुरते मोकळे पाणी राखतो. ही युक्ती बंदुकीहून कितीतरी जुनी आहे. नेवाडातील लव्हलॉक गुहेत १९२४ साली सापडलेली, लव्हाळ्याच्या जुड्या वळून त्यांवर रंग व पिसे चढवलेली बदके सुमारे २,००० वर्षांपूर्वीची असून त्यांच्यापुढे आजचे प्लास्टिक ओबडधोबडच वाटते. बंदुकीने मात्र नवी अडचण आणली: बारातून पाण्याच्या तळाशी पडलेले शिशाचे छर्रे खडे समजून गिळणारे पक्षी विषबाधेने मरत, त्यामुळे पाणपक्ष्यांच्या शिकारीत १९९१ पासून अमेरिकेत शिशाला देशभर बंदी आहे. त्याऐवजी वापरले जाणारे पोलादी छर्रे हलके असल्याने त्यांचा वेग लवकर ओसरतो आणि लांबचा बार टाळावा लागतो.