रिकाम्या जागा भरा!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. 'कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा' या प्रश्नाशी. कंसात 'इन, ऑन, ॲट, बाय'. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझी उमेद गेली, म्हणून हक्काने सांगते, हा प्रश्न मुलांना इंग्रजी शिकवत नाही, चाचरायला शिकवतो.

साधं पाहा. आपण 'सकाळी', 'रात्री', 'सोमवारी' म्हणतो. तिन्हीकडे एकच 'ई'. इंग्रजीत मात्र 'इन द मॉर्निंग', 'ॲट नाइट', 'ऑन मंडे'. मूल विचारतं, "बाई, रात्रीला ॲट का?" गाईड सांगतं, ॲट म्हणजे नेमकी वेळ. आता एवढी लांबलचक रात्र ही नेमकी वेळ कशी? शिवाय 'बाय बस' पण 'ऑन फूट'. मोटारीत बसलात तर 'इन द कार', बसमध्ये बसलात तर 'ऑन द बस' (टपावर न चढताही!).

टेबलावर वही, पेटीत पेन, इथे नियम चालतात, शिकवा खुशाल. पण 'ऑन फूट', 'ॲट नाइट' ही पक्की जोडलेली भांडी आहेत. ती फोडून एक तुकडा लपवायचा आणि मुलाला म्हणायचं, शोध! ही कसली परीक्षा?

आपल्या मराठीत काय होतं? गाडी 'वेळेवर' आली आणि आपण 'वेळेत' पोचलो. इंग्रजीतही नेमका हाच फरक आहे, 'ऑन टाइम' आणि 'इन टाइम'. पण वेळेच्या वर काय ठेवलंय असं आपण आईला कधी विचारलं? आई बोलली, आपण ऐकलं, अख्खा शब्द तोंडात बसला.

हे काही माझं खूळ नाही. हॅरल्ड पामर यांनी १९३३ साली टोकियोत अशा शब्दजोड्यांवर अहवाल काढला. त्यांचं म्हणणं हेच, की या जोड्या अखंडच शिकाव्यात. आणि तर्काचं म्हणाल, तर ब्रिटिश माणूस 'ॲट द वीकेंड' म्हणतो, अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. सगळा रूढीचा मामला!

कोणी म्हणेल, बाई घोकंपट्टी शिकवताहेत. अहो, अपवादांसकट नियम पाठ करणं ही घोकंपट्टी नाही का? निदान पाठ केलेली अख्खी जोडी बोलताना कामी तरी येते.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं. वर्षं वाढली, पण फुटके तुकडेच द्यायचे तर वर्षं वाढून काय उपयोग? मुलाखतीला बसलेल्या हुशार पोराला विषय येत असतो. पण तोंड उघडण्याआधी त्याच्या डोक्यात तो कंस उभा राहतो. इन की ऑन? तेवढ्यात समोरचा समजतो, याला काही येत नाही. आणि पोरगंही तेच समजून घरी येतं. याचा मला राग आहे.

तेव्हा आयांनो, बाबांनो, आजीआजोबांनो, घरात एक वही करा. 'ऑन'ची वेगळी, 'इन'ची वेगळी यादी नको. रोज चार जोड्या, प्रत्येक पूर्ण वाक्यात, मोठ्याने म्हणून. लिफ्टजवळच्या पाटीवर 'इन केस ऑफ फायर' असतं, तेही उतरवून घ्या. खाली 'इन द केस ऑफ' लिहा आणि एका 'द'ने 'आग लागल्यास'चं 'आगीच्या बाबतीत' कसं होतं ते मुलांना दाखवा.

रिकामी जागा मात्र एकही ठेवू नका.