उठवलेली गावे

राजवाडा पाहावयाचा तर पायी जाऊन पाहावा, असे आमचे वडील म्हणत. आमचे आजोबा बडोद्यास राजवाड्याच्या मुदपाकखान्यात होते. त्यांना दर्शनी महाद्वार ठाऊक नव्हते. मागचे फाटक आणि त्याकडे जाणारी पायवाट तेवढी ठाऊक होती. गतवर्षी मे महिन्यात भाचीकडे इंग्लंडात डर्बीला गेलो, तेव्हा वडिलांच्या त्या बोलण्याची फार आठवण झाली.

डर्बीशायर हा डोंगराळ परगणा. तेथे उमरावांचे वाडे पुष्कळ. सौ.ने दशम्या व लसणीची चटणी बांधून घेतली आणि आम्ही तिघे बेकवेल या गावाहून सकाळी निघालो. त्या देशात कुरणांतून जाणाऱ्या पायवाटांवर वहिवाटीचा हक्क कायद्याने राखलेला आहे. जमीन कोणाचीही असो, वाट सर्वांची! कुंपण आडवे आले की लाकडी पायरी चढून पलीकडे उतरावे आणि मेंढ्यांच्या मधून चालू लागावे.

दीडएक तासाने टेकडी उतरलो तो एक देखणे खेडे लागले. लिहितात एडन्सर, म्हणतात एन्सर. एका घराचा तोंडवळा दुसऱ्यासारखा नाही. भाची म्हणाली, "मामा, हे गाव पूर्वी असे नव्हते. चॅट्सवर्थच्या प्रासादातून जी घरे दिसत, ती सहाव्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरने पाडली आणि 1838 ते 1842 च्या सुमारास गाव येथे आडोशाला नव्याने बांधले." जुन्यांपैकी एक घर मात्र खाली एकटेच उभे आहे. या कामात ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याचा मोठा हात होता. याच माळ्याने पुढे लंडनच्या 1851 च्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेसचा आराखडा केला. त्याचे थडगे एन्सरच्याच चर्चच्या आवारात आहे.

तेथून उतारावरून डरवेंट नदीकाठी गेलो, की समोर चॅट्सवर्थ! रंगवलेली छते, ग्रंथालय, कारंजी. वैभवाला तोटा नाही. परंतु 1950 साली दहावे ड्यूक वारले, तेव्हा वारसाकर शेकडा 80 बसला. तो फेडताना हार्डविक हा कुटुंबाचा दुसरा प्रसिद्ध वाडा सरकारला द्यावा लागला. आज आपल्यासारख्यांच्या तिकिटांवरही चॅट्सवर्थचा संसार चालतो.

दुसऱ्या दिवशी डर्बीजवळच्या केडल्स्टनला गेलो. हे लॉर्ड कर्झनचे घराणे. कलकत्त्याचे 1803 साली पुरे झालेले गव्हर्नमेंट हाऊस याच वाड्यावरून बेतलेले. म्हणजे व्हाइसरॉय होऊन आलेले कर्झनसाहेब एका अर्थी स्वतःच्याच घरी राहावयास आले! येथेही अठराव्या शतकात वाडा बांधताना गाव हलवले. जुने चर्च तेवढे वाड्याला खेटून राहिले. बंगालच्या फाळणीमुळे आपल्या स्मरणात राहिलेला तो माणूस तेथेच पत्नीशेजारी चिरनिद्रा घेत आहे.

आत लेडी कर्झनचा 1903 च्या दिल्ली दरबारातील मोरपिसांचा पोशाख ठेवला आहे. भरतकाम दिल्लीकडच्या कारागिरांचे. सोन्यारुप्याची जर, पिसाच्या प्रत्येक डोळ्यात भुंग्याच्या पंखाचा हिरवा तुकडा. सौ. काचेपुढे बराच वेळ उभी होती. मग हळूच म्हणाली, "किती डोळे अधू झाले असतील हो यापायी!"

बाहेर पडताना मी महाद्वाराकडे वळलो नाही. चर्चला वळसा घालून मागच्या बाजूने निघालो. गाव जेथे होते तेथे आता हिरवळ आहे, आणि तिच्यावर मेंढ्या चरतात.

वाचकहो, कधी तिकडे जाणे झालेच, तर मोटारीने थेट दाराशी उतरू नका. अर्धा दिवस पायवाटेसाठी ठेवा.