भट्टीतली कसोटी आणि वाटेतली धूळ

आधुनिक जेट इंजिनात टर्बाइनच्या पहिल्या रांगेतील पात्यांवर आदळणाऱ्या वायूचे तापमान 1500 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, आणि ही पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची घडवलेली असतात, तो मात्र 1300 अंशांच्या आसपासच वितळू लागतो. पात्याच्या पोटातून खेळवलेली तुलनेने थंड हवा आणि अंगावरचा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा सिरॅमिक लेप या दोहोंच्या बळावर हे गणित जमते. झिर्कोनियात वजनाने 6 ते 8 टक्के इट्रिया मिसळल्यास लेप सर्वाधिक टिकतो, हे नासाच्या लुईस संशोधन केंद्रात स्टीफन स्टेकुरा यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस दाखवले, आणि चार दशके उलटली तरी हेच मिश्रण प्रमाण मानले जाते.

लेप टिकतो तो त्यातील रिकाम्या जागांमुळे. धातू लेपापेक्षा अधिक प्रसरण पावतो. म्हणून निर्वातात इलेक्ट्रॉन शलाकेने सिरॅमिकची वाफ करून ती पात्यावर बसवताना लेपाचे सूक्ष्म स्तंभ ज्वारीच्या ताटांसारखे शेजारी शेजारी, पण सुटे उभे राहू दिले जातात. नेमक्या याच फटी घातक ठरतात, कारण हवेबरोबर आत आलेली वाळू किंवा ज्वालामुखीची राख, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम व ॲल्युमिनियमची सिलिकेटे, सुमारे 1200 अंशांना वितळून त्यांत झिरपते, थंड होताना काचेसारखी घट्ट होते आणि स्तंभांची मोकळीक संपून लेपाचे पापुद्रे सुटतात. गॅडोलिनियम झिर्कोनेटचा लेप या वितळलेल्या काचेशी झपाट्याने अभिक्रिया करून स्फटिकांच्या बुचाने फटी वरच्या वरच बंद करतो. मात्र तो ठिसूळ असून लेपाखाली धातूवर तयार होणाऱ्या ॲल्युमिनाच्या थराशी त्याचे पटत नाही, त्यामुळे मध्ये जुन्या झिर्कोनियाचाच थर द्यावा लागतो.

असे असूनही नव्या मिश्रणांची बढाई बहुधा 1100 अंशांच्या स्वच्छ भट्टीतील तापवण्या-थंड करण्याच्या आवर्तनांच्या संख्येवर मारली जाते. अशा भट्टीत नमुना आतबाहेर एकाच तापमानाला असतो आणि धूळ घातली तरी ती वितळत नाही, म्हणजे लेपाच्या जाडीतला तापमानाचा फरक आणि वितळलेली धूळ ही प्रत्यक्षात लेप निकामी करणारी दोन कारणे कसोटीबाहेरच राहतात. एका बाजूने ज्योत व दुसऱ्या बाजूने थंड हवा देणारी चाचणीयंत्रणा खर्चिक आहे, हे मान्यच. तरी भट्टीतले आकडे मांडणाऱ्याने पृष्ठभागाचे तापमान, धुळीचे रासायनिक घटक आणि दर चौरस सेंटिमीटरवर पडलेले तिचे वजन इतके तरी नोंदवावे, आणि धूळ वापरलीच नसेल तर तेही निष्कर्षातच लिहावे.